नाकाने नाही, तोंडाने: स्नॉर्कलिंगच्या सामानात दडलेला हवेचा हिशेब

मालवणच्या जेटीवरून निघालेली होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ खडकाळ भागात नांगर टाकते आणि तुमच्या हातात स्नॉर्कलिंगचं, म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत, नळीने श्वास घेत खालचं पाहायचं सामान येतं: एक मास्क, एक वाकडी नळी आणि एक नारिंगी लाइफ जॅकेट. माझ्याही आलं. सोबतचा मुलगा विशीतला असेल. म्हणाला, "काका, भियाव नकात. नाकान नाय, तोंडान श्वास घेवा." मी समजल्यासारखी मान डोलावली, पाण्यात तोंड घातलं आणि पहिलाच श्वास नाकाने ओढला. मास्क चेहऱ्याला जळूसारखा चिकटला. मी दचकून तोंड उघडलं, तोंडातली नळी सुटली आणि अरबी समुद्राची चव कळली.

पुढच्या पाच मिनिटांत त्या मुलाने मला सगळं शिकवलं, पण "नाकाने का नाही" हे काही सांगितलं नाही. त्याला सांगायची गरजही नव्हती, त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. माझ्यासारख्याला मात्र कारण कळल्याशिवाय हात-पाय ऐकत नाहीत. नंतर वाचत गेलो, आणखी तीन-चारदा पाण्यात उतरलो, तेव्हा लक्षात आलं की हे सगळं सामान म्हणजे हवेचा हिशेब आहे. हवा कुठे हवी, किती हवी आणि ताजी आहे की शिळी, एवढंच.

आधी मास्क. विहिरीत किंवा तलावात डोळे उघडून पाहिलं असेल तर सगळं धुरकट दिसतं हे ठाऊक असेल. पाणी गढूळ असतं म्हणून ते होत नाही, स्वच्छ पाण्यातही होतं. पेल्यातल्या पाण्यात चमचा वाकलेला दिसतो, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो. आपला डोळा याच वळण्यावर चालतो. डोळ्याच्या अगदी पुढे जो पारदर्शक, फुगीर पडदा असतो, कॉर्निया, तो बाहेरचा प्रकाश वळवून आतल्या पडद्यावर आणतो. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप), त्यातले चाळीसहून जास्त एकट्या कॉर्नियाचे. पण ही ताकद बाहेर हवा आहे या भरवशावर आहे. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळेल हे ठरवणारा आकडा, १, पाण्याचा १.३३ आणि कॉर्नियाचा १.३७ च्या आसपास. म्हणजे डोळ्याला पाणी लागलं की कॉर्निया आणि पाणी यांत जवळजवळ फरकच उरत नाही. प्रकाश वळत नाही, सरळ आत जातो आणि चित्र पडद्यावर जुळत नाही. चष्म्याच्या भाषेत सांगायचं तर पाण्यात बुडी मारताच आपल्याला प्लस चाळीसच्या घरातला नंबर लागतो.

मास्क डोळ्यासमोर हवेचा एक कप्पा परत आणून ठेवतो, बाकी काही करत नाही. काच आहे ती फक्त पाणी अडवायला, नंबर काढायला नाही. (चष्मेवाल्यांसाठी पॉवरच्या काचांचे मास्क मिळतात. चष्म्यावर मास्क चढवायचा नाद करू नका, काड्यांच्या फटीतून पाणी येतंच.) थायलंड आणि म्यानमारच्या किनाऱ्यावरच्या मोकेन लोकांची मुलं मात्र मास्कशिवाय पाण्याखाली आपल्यापेक्षा बरंच स्पष्ट पाहतात. अॅना गिस्लेन या स्वीडिश संशोधिकेने २००३ मध्ये त्याचं कारण मांडलं: ही मुलं पाण्याखाली बाहुल्या एकदम बारीक करतात आणि डोळ्यातलं भिंग होता होईल तेवढं फुगवतात. लहानपणापासूनच्या सरावाचा भाग आहे तो. आपण मास्क लावावा हे बरं.

या कप्प्याची एक गंमत आहे. पाण्यातून काचेतून हवेत येताना प्रकाश पुन्हा वळतो, त्यामुळे मासा खरा असतो त्यापेक्षा पाऊण अंतरावर दिसतो. दोन मीटरवरचा मासा दीड मीटरवर वाटतो, आणि ३० सेंटिमीटरचा असेल तर ४० चा. मी एका पट्टेरी माशाकडे हात केला तर हात चांगला वीतभर अलीकडेच थांबला. पाण्यात पाहिलेल्या माशांची मापं बाहेर येऊन सांगताना लोक थापा मारतात असं नाही, मास्क त्यांना खोटं सांगतो.

आता नाकाचा मुद्दा. पोहायच्या गॉगलमध्ये नाक बाहेर असतं आणि स्नॉर्कलिंगच्या मास्कमध्ये आत. हे मुद्दाम केलेलं असतं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. नुसतं दोन मीटर खाली गेलं तरी कप्प्यातली हवा दाबून सहापैकी पाच भागांइतकी होते. काच तर आत येत नाही, मग आत ओढला जातो तो चेहरा: डोळ्यांभोवतीची कातडी, पापण्या, डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या. गॉगल घालून खोल बुडी मारणाऱ्याचे डोळे लाल होतात ते याने. मास्कमध्ये नाक आत असल्यामुळे नाकातून हलकेच थोडी हवा सोडली की कप्पा पुन्हा भरतो आणि ओढ थांबते. म्हणजे नाक आहे ते हवा सोडायला. मी उलट केलं, कप्प्यातली हवा नाकाने ओढून घेतली आणि दोन मीटर खोल न जाताच तोच त्रास विकत घेतला.

मास्क आपल्या चेहऱ्याला बसतो का हे पाहायची रीत याच ओढीवर आहे. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. खाली पडला तर दुसरा मागा, संकोच करू नका. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट सिलिकॉनची कड दुमडते आणि जास्त पाणी येतं. आणि मिशा. मराठी माणसाच्या या दागिन्याला मास्कचं वावडं आहे. सिलिकॉनची कड कातडीला घट्ट बसते, केसांना नाही. दोन केसांच्या मधून पाणी अगदी निवांत आत येतं. मिशीवाले पाणबुडे नाकाखालची एक बारीक पट्टी साफ करतात, म्हणजे कडेला टेकायला कातडी मिळते. मी केली नाही. दर दोन-तीन मिनिटांनी मास्कमधलं पाणी काढत बसलो. ते काढायचं तर डोकं थोडं वर करायचं, मास्कची वरची कड कपाळावर बोटांनी दाबायची आणि नाकाने जोरात फुंकायचं. वरून हवा भरते, खालून पाणी निघून जातं. पुन्हा तोच हवेचा कप्पा.

काचेवर धुकं धरतं तेही या कप्प्यातल्या हवेमुळेच. चेहऱ्याची उबदार, दमट हवा आणि पाण्याने गार झालेली काच. वाफेचे बारीक थेंब बसतात आणि प्रकाश विखुरतो. यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे थुंकी. आतून काचेवर थुंकायचं, बोटाने पसरायचं, समुद्राच्या पाण्यात एकदा खळबळवायचं. थुंकीमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मग थेंब न बनता पाण्याची सलग पातळ पापुद्री काचेवर पसरते आणि तिच्यातून आरपार दिसतं. भाड्याच्या मास्कमध्ये थुंकायला आपल्याकडच्या बऱ्याच बायका-पुरुषांना किळस येते. त्यांनी पाण्यात पातळ केलेल्या बेबी शाम्पूचा एक थेंब वापरावा, तोही हेच काम करतो. नवा कोरा मास्क मात्र थुंकीलाही दाद देत नाही, कारण कारखान्यातून येताना काचेवर एक तेलकट थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतली बाजू दोन-तीनदा घासली की तो जातो.

आता नळी. गोष्टींमधला नायक वेळूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपतो आणि शत्रूचे शिपाई काठावरून निघून जातात, हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. काडी जितकी लांब तितकं खोल लपता येईल, असं तेव्हा वाटतं. तसं होत नाही. नळीतली हवा वरच्या हवेला जोडलेली असते, तिचा दाब वरचाच राहतो. छातीवर मात्र पाण्याचा दाब असतो. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम. छातीचा नुसता ३० बाय ३० सेंटिमीटरचा पुढचा भाग धरला तरी ९० किलोचं ओझं झालं, आणि प्रत्येक श्वासाला ते उचलून छाती फुगवायची. कुणाला तरी छातीवर बसवून श्वास घ्यायचा प्रकार आहे हा. एक मीटरवर धडधाकट माणूस जेमतेम एखाद-दुसरा श्वास घेईल. म्हणूनच नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरची असते आणि आपण पाण्यावर पालथे तरंगतो. छाती पाण्यात वीतभरच बुडालेली असते.

हे ओझं लीलया पेलणारा प्राणी आहे हत्ती. सोंड वर धरून पोहणाऱ्या हत्तीची तुलना अॅरिस्टॉटलनेही पाणबुड्यांच्या श्वास घ्यायच्या साधनाशी केली होती. अंदमानच्या हॅवलॉक बेटावर राजन नावाचा हत्ती होता, २०१६ मध्ये तो गेला. त्याचे समुद्रात पोहतानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील: पाय पाण्यात, सोंडेचं टोक वर. हत्ती असा पोहतो तेव्हा त्याची फुप्फुसं पाण्याखाली बरीच खोल असतात, आपण तिथे टिकलो नसतो. आपल्या फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक पोकळी. दाबातला फरक वाढला तर या पडद्यांतल्या नाजूक रक्तवाहिन्या धोक्यात येतात. हत्तीच्या शरीरात ही पोकळीच नाही, तिथे चिवट ऊती भरलेली आहे आणि फुप्फुस छातीला चिकटलेलं आहे. जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञाने याचा संबंध हत्तीच्या सोंड वर करून पोहण्याशी जोडला. हे वाचल्यापासून मला हत्तीबद्दल जरा जास्तच आदर वाटतो.

बरं, लांबी ठरली. मग नळी जाड का नाही करत, भरपूर हवा येईल? इथेच शिळ्या हवेचा हिशेब येतो. आपण शांतपणे घेतलेला एक श्वास साधारण ५०० मिलिलिटरचा. त्यातले दीडशे नाक-घसा-श्वासनलिकेतच राहतात, फुप्फुसाच्या कामाला येत नाहीत. आता दोन सेंटिमीटर आतल्या व्यासाची, ४० सेंटिमीटर लांब नळी लावली. तिच्यात सव्वाशे मिलिलिटर हवा मावते. श्वास सोडताना ही नळी तुमच्याच वापरलेल्या हवेने भरते आणि पुढचा श्वास घेताना तीच आधी आत येते. म्हणजे ५०० पैकी कामाची ताजी हवा उरली २२५. तीच नळी चार सेंटिमीटर व्यासाची केली तर तिच्यात अर्धा लिटर मावेल. मग तुम्ही कितीही श्वास घ्या, आपलीच शिळी हवा आत-बाहेर करत राहाल.

फार बारीक नळीही उपयोगाची नाही. उसाच्या रसाच्या स्ट्रॉमधून श्वास घेत जिना चढून पाहा, दुसऱ्या मजल्यापर्यंत जाल की नाही शंका आहे. म्हणून दोन सेंटिमीटरच्या आसपासचा व्यास ही तडजोड.

या हिशेबातून श्वासाची रीत आपोआप निघते. अर्ध्या लिटरचे दोन घाईचे श्वास घेतले तर ताजी हवा मिळते ४५० मिलिलिटर. तीच एक लिटर हवा एका सावकाश, खोल श्वासात घेतली तर ७२५. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. उथळ आणि भराभर श्वास घेतो, शिळी हवा साठत जाते, दम लागतो, दम लागला म्हणून आणखी घाबरतो. होडीवरचा मुलगा "सावकाश, सावकाश" म्हणत होता ते मला धीर देण्यासाठी असं वाटलं होतं. पण तो हिशेबच सांगत होता.

हवाईमध्ये स्नॉर्कलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास होऊन २०२१ मध्ये अहवाल आला. त्यातली एक गोष्ट नवशिक्यांनी ऐकण्यासारखी आहे. अडथळा असलेल्या नळीतून जोर लावून हवा ओढत राहिलं की छातीत ओढ तयार होते आणि काही जणांच्या फुप्फुसांत पाणी उतरू लागतं. ते पाणी समुद्राचं नसतं, आपल्याच रक्तातलं असतं. वरून बघणाऱ्याला काही झटापट दिसत नाही. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावं. आणि कुणालाही, कितीही तरबेज असला तरी, दम लागतोय असं वाटलं तर नळी तोंडातून काढावी, उताणं व्हावं आणि हात वर करावा. पाण्यात उभं राहून "जरा बघू" म्हणू नये.

दुकानात नळीचे तीन-चार प्रकार दिसतात. साधी, इंग्रजी J अक्षराच्या आकाराची नळी: लाट आली की पाणी आत येतं आणि जोरात फुंकून वरून उडवावं लागतं. खाली एकतर्फी पडदी असलेली: तोंडाखालच्या छोट्या वाटीत जमलेलं पाणी हलक्या फुंकरीने पडदीतून निघून जातं, बाहेरचं आत येत नाही. नवशिक्याला हीच घ्या. तिसरी, वर तरंगता बुच असलेली: टोक पाण्यात गेलं की बुच वर उचलून तोंड बंद करतो. ऐकायला छान वाटतं, पण श्वास ओढतानाच बुच बसला तर हवा एकदम थांबते आणि नवखा माणूस भेदरतो. वाळूचा कण अडकला तर तो बंदच राहतो किंवा उघडाच राहतो. मला ती आवडत नाही.

सगळा चेहरा झाकणारा, वरून नळी निघालेला मास्क खेळाचं सामान विकणाऱ्या डेकॅथलॉन कंपनीने २०१४ मध्ये आणला आणि तो घालून नाकानेही श्वास घेता येतो म्हणून लोकप्रिय झाला. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, इटलीतल्या ब्रेशा शहरातल्या काही अभियंत्यांनी थ्रीडी छापलेला एक जोड लावून हेच मास्क रुग्णालयात प्राणवायू द्यायला वापरायची युक्ती काढली. तेव्हा त्याची फार चर्चा झाली. पाण्यात मात्र तो शांत पृष्ठभागावर तरंगण्यापुरता ठीक आहे. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून बुडी मारता येत नाही. आत हवेची वाट वेगळी ठेवणाऱ्या पडद्या असतात, स्वस्त नकलेत त्या नीट बसल्या नाहीत तर शिळी हवा चेहऱ्याभोवती फिरत राहते. आणि घाबरल्यावर तोंडातली नळी थुंकून टाकता येते, डोक्याला करकचून बांधलेला मास्क नाही. पाण्यात उतरायच्या आधी तो एका झटक्यात काढून पाहा, दोन-तीनदा.

पायात घालायच्या फिन्सबद्दल थोडक्यात. पावलाचं क्षेत्रफळ वाढवून जास्त पाणी मागे ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. लुई द कोर्लिये या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. पाय मांडीपासून हलवायचा, गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखा नाही, नाहीतर पाणी मागे न जाता खाली जातं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. किनाऱ्यावर फिन्स घालून चालायचं झालं तर उलटं चाला. पुढे चाललात की तोंडावर पडाल, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढेल.

लाइफ जॅकेट मालवणात सगळ्यांना घालायला लावतात आणि ते योग्य आहे. मात्र फोमची ही जाकिटं बुडणाऱ्या माणसाची हनुवटी वर राहावी म्हणून बनवलेली असतात, तर स्नॉर्कलिंगला तोंड खाली हवं. दोन्हींच्या ओढाताणीत अर्ध्या तासात मान अवघडते. कंबरेचे पट्टे नीट आवळले तर जाकीट वर सरकून कानाशी येत नाही आणि जरा बरं वाटतं.

जाकीट काढून बुडी मारायचा मोह होईल. कान दुखू लागले की थांबा, नाक चिमटीत धरून हलकं फुंकून कानातला दाब मोकळा झाला तरच पुढे, नाहीतर वर. आणि बुडीआधी जोरजोरात दहा-बारा श्वास घ्यायची जी पद्धत पोरं एकमेकांना शिकवतात ती जिवावरची आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेऊन तो आधीच काढून टाकला की शरीराची घंटा वाजतच नाही आणि प्राणवायू संपून माणूस पाण्यात, कसलीही जाणीव न होता, बेशुद्ध होतो.

मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. थकलं की पाय टेकायला जो खडक बरा वाटतो, तो बऱ्याचदा जिवंत प्रवाळ असतो. पाय टेकू नका, जाकिटावर रेलून राहा. मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकणारे लोक मी पाहिलेत. मासे येतात, गर्दी करतात, फोटो छान येतो. पण माशांनी शेवाळ खायचं सोडून पाव खायला लागणं प्रवाळासाठी चांगलं नाही. पाणी कधी चांगलं मिळेल हे बरंचसं समुद्रावर आहे. पाऊस संपून गाळ खाली बसला की, म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, सकाळच्या वेळी खालचं सगळ्यात स्वच्छ दिसतं. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं.

स्वतःचं सामान घेतलं असेल तर परत आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. उन्हाने सिलिकॉन पिवळं पडतं. नळीच्या खालची पडदी बोटाने उचलून तिच्याखाली मिठाचा कण राहिलाय का ते पाहा. तपासायची सोपी युक्ती अशी: नळीचं वरचं तोंड तळहाताने बंद करा आणि खालून हवा ओढा. पडदी नीट बसली असेल तर जरासुद्धा हवा येणार नाही.